ओव्या होत्या, पण वाचता येईनात!

“सूनबाई, सापडल्या का गं माझ्या ओव्या?”

सासूबाईंनी हा प्रश्न त्या दिवशी तिसऱ्यांदा विचारला, आणि मीही तिसऱ्यांदा तेच उत्तर दिले, “सापडल्यात आत्याबाई. जरा नीटनेटक्या करते अन् दाखवते.”

सापडल्या होत्या हे खरेच. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर ओव्यांच्या जागी इंग्रजी अक्षरे, डॉलरची चिन्हे, कंस आणि उलटसुलट टिंबे ह्यांची नुसती जत्रा भरली होती. ते सासूबाईंना कोणत्या तोंडाने दाखवणार?

गोष्ट अशी. आमच्या भाचीचे डोहाळजेवण दोन आठवड्यांवर आले होते. “मामी, बाकी काही नको, पण आजीच्या ओव्या हव्यात,” असा तिचा फोन. सासूबाईंचे माहेर पैठणच्या पुढे, गोदाकाठचे. जात्यावर बसून शिकलेल्या ओव्या त्यांना शेकड्यांनी पाठ होत्या. भावाच्या, माहेराच्या, लेकीच्या, पैठणच्या नाथांच्या. सासऱ्यांनी त्या हौसेने एका वहीत उतरवून घेतल्या आणि २००३ साली शहरातल्या एका डीटीपीवाल्याकडून टाइपही करून घेतल्या. पुस्तिका छापून नातेवाइकांत वाटायची, असा बेत होता. पण त्या वर्षी शेतीने हात दिला नाही आणि छपाई राहून गेली, ती राहिलीच. पुढे वही वाळवीने खाल्ली. डीटीपीवाल्याचे दुकान बंद झाले. सासरेही गेले. उरली ती फक्त एक सीडी, देवघराच्या खालच्या फळीवर, त्यांच्या चष्म्याच्या घराशेजारी.

सासूबाई आता एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. ओवीची पहिली ओळ येते, दुसरी निसटते. मग त्या हात हलवून म्हणतात, “जाऊ दे, कॉम्प्युटरात हाय ना.”

आणि कॉम्प्युटरात तर ही अशी जत्रा!

माझ्या मुलाने एक नजर टाकली आणि निकाल दिला, “आई, फाइल करप्ट झालीये. डिलीट कर.” मैत्रिणींनो, त्या दिवशी मी त्याचे ऐकले असते तर सासूबाईंच्या ओव्या कायमच्या गेल्या असत्या. कारण ती फाइल मुळीच बिघडलेली नव्हती. फक्त तिची किल्ली आमच्याकडे नव्हती. ती किल्ली, म्हणजे फाइल बदलून देणारे योग्य सॉफ्टवेअर, शोधताना मी बऱ्याच ठेचा खाल्ल्या. तुमच्याही घरी अशी एखादी सीडी, एखादा जुना पेनड्राइव्ह असणारच. वडिलांचे लेख, बचतगटाची जुनी इतिवृत्ते, मंडळाची घटना, शाळेच्या प्रश्नपत्रिका, लग्नाची याद्यांची यादी! म्हणून हा लेखनप्रपंच.

डबा वेगळा, आतला जिन्नस वेगळा

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की फाइलीला दोन निरनिराळे रोग होतात आणि दोन्हींचे औषध वेगळे आहे.

फाइल म्हणजे डबा आणि मजकूर म्हणजे आतला जिन्नस, असे समजा. काही वेळा डब्याचे झाकणच उघडत नाही. म्हणजे फाइल जुन्या वर्डची असते, पेजमेकरची असते किंवा पीडीएफ असते, आणि आपल्या कॉम्प्युटरमधले सॉफ्टवेअर तिला ओळखत नाही. हा झाला डब्याचा रोग. काही वेळा डबा झटकन उघडतो, पण आतला जिन्नस काय आहे तेच कळत नाही. हा अक्षरांचा रोग. मराठी फायलींना बहुतेक वेळा हा दुसराच रोग असतो, आणि आपण मात्र औषध पहिल्याचे करत बसतो.

मीही तेच केले. जुन्या वर्डची फाइल नव्या वर्डमध्ये बदलली, मग तिची पीडीएफ केली, मग पीडीएफची पुन्हा वर्ड केली. प्रत्येक वेळी तीच जत्रा नव्या डब्यात! अहो, मिठाचा डबा बदलला म्हणून मिठाची साखर होते का?

ही जत्रा भरते कशी?

हे समजून घेतले की पुढचे सगळे सोपे जाते, म्हणून थोडा धीर धरा.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये एका फॉन्टात २५६ खण असत. मसाल्याच्या डब्यात असतात तसे. ते इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे ह्यांच्यासाठी आखलेले. मराठी छापायचे तर काय करायचे? फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षराच्या खणात मराठी अक्षराचे चित्र बसवले. कृतिदेव नावाच्या फॉन्टात ‘मराठी’ असे टाइप केले, तर कॉम्प्युटरच्या पोटात साठतात ती इंग्रजीतली ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरे. कॉम्प्युटरला बिचाऱ्याला मराठीचा पत्ताच नसतो! तो फॉन्ट आहे तोवर पडद्यावर मराठी दिसते. फॉन्ट काढला की उघडे पडते ते पोटातले इंग्रजी.

त्यातून प्रत्येक कंपनीने आपापले खण आपल्या मनाने भरले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्यातच १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचे आयएसएम, शिवाय आकृती, शिवाजी आणि कितीतरी. एकीच्या डब्यात हळदीचा खण जिथे, तिथे दुसरीच्या डब्यात तिखट. सरकारने १९९१ साली भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ नावाचे प्रमाण ठरवून दिले होते, पण छपाईच्या धंद्यात ज्याचा त्याचा फॉन्ट चालतच राहिला.

ह्यावरचा कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली आलेल्या त्याच्या पहिल्याच आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे १२८ खण मिळाले. म्हणजे ‘म’ला ‘म’चाच क्रमांक, जगात कुठेही जा, तो ‘म’च. घरगुती कॉम्प्युटरवर हे आपल्यापर्यंत पोचायला मात्र वेळ लागला. विंडोज २००० आणि नंतर विंडोज एक्सपीपासून मंगल फॉन्ट आला आणि हळूहळू युनिकोड रुळले. त्यामुळे २००० ते २०१० ह्या काळात डीटीपीवाल्याकडे टाइप झालेला मजकूर जुन्या फॉन्टात असण्याचाच संभव जास्त. आमच्या ओव्या २००३ सालच्या. म्हणजे त्या नेमक्या ह्या कात्रीत सापडलेल्या.

आज तुम्ही मोबाइलवर मराठी लिहिता ते सगळे युनिकोड. तेव्हा आपल्याला हवे आहे ते दोन पायऱ्यांचे काम: आधी डबा उघडणे, मग जुन्या फॉन्टातली अक्षरे युनिकोडमध्ये आणणे.

डबा उघडायला काय निवडावे?

ज्यांच्याकडे वर्ड आहे त्यांना बहुतेक जुन्या वर्डच्या फायली त्यातच उघडतील. २००७ पासून वर्डने फाइलीची पद्धत बदलली. त्याआधीच्या फायलींना डॉक म्हणतात आणि नंतरच्यांना डॉकएक्स. जुनी फाइल उघडून ‘सेव्ह ॲज’मध्ये नवा प्रकार निवडला की काम झाले.

ज्यांच्याकडे वर्ड नाही, त्यांनी मुद्दाम पैसे खर्च करू नयेत असे माझे मत. लिबरऑफिस नावाचे सॉफ्टवेअर अगदी मोफत आहे आणि त्याची पहिली आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली. त्यात जुने-नवे वर्ड उघडते, पीडीएफ करता येते, आणि एकाच वेळी फोल्डरभर फायली बदलण्याचीही सोय आहे. त्याचा आणखी एक मोठा गुण असा, की २०१५ साली आलेल्या ४.४ आवृत्तीपासून ते पेजमेकरच्या फायलीही उघडते. डीटीपीवाले सगळे काम पेजमेकरवर करत, आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालीच आली. पुढे ते बंदच पडले. तेव्हा ज्यांच्या सीडीत पेजमेकरची फाइल आहे, त्यांनी हे जरूर करून पाहावे. मांडणी इकडेतिकडे होईल, पण मजकूर हाती लागेल आणि आपल्याला तोच हवा असतो.

मला लिबरऑफिस आवडले ते आणखी एका कारणासाठी. ते आपल्या कॉम्प्युटरवरच चालते. इंटरनेट बंद असले तरी चालते. आमच्या बिडकीनला वीज आणि रेंज ह्या दोघींची एकाच वेळी गाठ पडेलच असे नाही, हे इथे राहणारीला सांगायला नको!

अक्षरे बदलायला काय निवडावे?

खरी कसोटी इथेच. आधी आपल्या फाइलीत कोणता फॉन्ट आहे ते ओळखा. फाइल उघडा, ती जत्रा माउसने निवडा आणि वर फॉन्टचे नाव दिसते त्या चौकटीत पाहा. फॉन्ट तुमच्याकडे नसला तरी नाव तिथे दिसतेच. लिबरऑफिसमध्ये असे नाव तिरप्या अक्षरांत येते. ते नाव जसेच्या तसे, आकड्यासकट, कागदावर उतरवून घ्या. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांचे खणही वेगळे असू शकतात, म्हणून आकडाही महत्त्वाचा. डॉक्टरकडे जाताना आपण जुनी चिठ्ठी नेतो ना, तसेच हे.

मग त्या फॉन्टासाठीच बनवलेले रूपांतराचे सॉफ्टवेअर शोधा. ज्या कंपनीचा फॉन्ट, तिच्याच नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुष्कळदा ही सोय असते. ओळखीच्या एखाद्या छापखान्यात किंवा डीटीपीच्या दुकानात ते असेल तर चार पैसे देऊन काम करून घेणे सर्वांत सोपे. सी-डॅकने ‘परिवर्तन’ नावाचे आणि मायक्रोसॉफ्टने ‘टीबीआयएल’ नावाचे असे रूपांतर करणारे सॉफ्टवेअर पूर्वी मोफत दिले होते. एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर ते अजूनही सापडू शकते, विशेषतः शाळा-कॉलेजांत. ह्याशिवाय इंटरनेटवर मजकूर चिकटवला की बदलून देणारी पाने आहेत. त्यांतली बरीचशी कृतिदेवसाठी असतात, कारण हिंदी मुलखात तो फॉन्ट फार चालतो.

इथेच माझी पहिली चूक झाली. मी फॉन्टचे नाव न पाहताच कृतिदेवचे पान उघडले आणि ओव्या त्यात ओतल्या. बाहेर आले ते मराठी अक्षरांत, पण मराठी नव्हे! जणू कुणी झोपेत बरळावे. ओव्या कृतिदेवमध्ये नव्हत्याच. दुसऱ्या दिवशी नाव पाहिले, त्या फॉन्टाचे सॉफ्टवेअर असलेला एक छापखाना ओळखीतून शोधला आणि आमचे हे पेनड्राइव्ह घेऊन शहरात गेले. संध्याकाळी फाइल घरी आली. उघडली, तर स्वच्छ मराठी! मला तर डोळ्यांत पाणी आले. “आत्याबाई, या हो, आल्या तुमच्या ओव्या!”

त्या चष्मा लावून बसल्या. मी वाचू लागले. चौथ्याच ओवीला त्यांनी हात वर केला. “हे काय वाचती? असं न्हाई ते.”

जवळजवळ बरोबर म्हणजे चूकच

मैत्रिणींनो, सपशेल चुकलेली फाइल परवडली. ती लगेच कळते. जवळजवळ बरोबर असलेली फाइल जास्त घात करते, कारण आपण गाफील राहतो.

आमच्या फाइलीत नाथांच्या घाटाच्या ‘पायऱ्या’ होत्या, त्यांच्या ‘पायर्या’ झाल्या होत्या. हा अर्धा, आडवा ‘ऱ’ खास मराठीचा. हिंदीला तो लागत नाही. पुष्कळ सॉफ्टवेअर हिंदी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली, ती ह्याचा सरसकट रफार करून टाकतात. फरक किरकोळ वाटतो का? मग ‘आचाऱ्यांना जेवायला वाढा’ आणि ‘आचार्यांना जेवायला वाढा’ ही दोन वाक्ये वाचून पाहा. एकात स्वयंपाकी जेवतात, दुसऱ्यात गुरुजी!

दुसरी चूक पहिल्या वेलांटीची. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, जशी आपण उच्चारतो तशी. रफाराचे नेमके उलट: जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. सॉफ्टवेअरने ही अदलाबदल नीट केली नाही, तर वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. जोडाक्षरापाशी हे हमखास होते.

तिसरी चूक इंग्रजी शब्दांची. मजकुरात मधेच इंग्रजीत पत्ता किंवा नाव असेल, तर अडाणी सॉफ्टवेअर त्यालाही मराठी समजून त्याचा पार चुथडा करते. चांगले सॉफ्टवेअर प्रत्येक शब्दाचा फॉन्ट पाहते आणि जुन्या मराठी फॉन्टातलाच मजकूर बदलते. मजकूर कापून पानावर चिकटवण्याच्या पद्धतीत हे शक्य नसते. शिवाय ठळक अक्षरे आणि तक्ते ह्यांची मांडणीही जाते. म्हणून हिशेबाचे तक्ते असतील, तर अख्खी फाइल घेऊन बदलणारे सॉफ्टवेअर निवडा. नुसता मजकूर असेल, तर चिकटवण्याचे पानही पुरते.

एक मात्र चूक नव्हे: ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसू लागले तर घाबरू नका. अक्षर तेच असते, फॉन्ट हिंदी धाटणीचा असतो. मजकुराची भाषा मराठी ठेवली किंवा मराठी वळणाचा युनिकोड फॉन्ट निवडला की दिसणे सुधारते.

एका पानाची परीक्षा

नवा तांदूळ आणला की आपण पोतेभर शिजवत नाही. वाटीभर शिजवून पाहतो. तसेच इथे करायचे. सगळी फाइल बदलण्याआधी एकच पान बदला, आणि तेही अवघड अक्षरांचे. ही अक्षरे कशी उतरतात ते पाहा:

क्षेत्र, ज्ञान, श्रावण, स्त्री, कृष्ण, हृदय, विठ्ठल, सूर्य, पायऱ्या, कुऱ्हाड, दुःख, वाङ्मय, ट्रॅक्टर, ऑफिस, ॲल्युमिनियम, आणि एक ते शून्य सगळे आकडे.

ह्यांतल्या ‘ॲ’कडे जरा जास्त लक्ष द्या. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र खण २००८ साली मिळाला. त्याआधी तो दोन तुकडे जोडून लिहीत. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधायला गेले की एक सापडतो आणि दुसरा लपतो.

ह्या परीक्षेत जे सॉफ्टवेअर कमीत कमी चुका करते ते आपले. त्याची किंमत किती, त्यात बटणे किती, जाहिरात किती झकास, ह्याला महत्त्व नाही. दोन-तीन चुका सगळीकडे त्याच त्याच होत असतील तरी चालेल. ‘पायर्या’ शोधून ‘पायऱ्या’ घाला, असे एकदाच सांगितले की कॉम्प्युटर सगळीकडे बदलतो. चुका मनमानी असतील, तर मात्र ते सॉफ्टवेअर सोडा.

आणि अक्षरे खरोखर युनिकोड झाली की नुसतीच तशी दिसताहेत, हे ओळखायची घरगुती खूण सांगते. एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मोबाइलवर मराठी दिसले तर पास. पुन्हा जत्रा दिसली तर फक्त फॉन्टचा मुखवटा आहे, आतले सोंग तेच!

पीडीएफ किंवा नुसता कागदच असेल तर

जुन्या फॉन्टातली पीडीएफ वाचता येते, कारण ती बहुधा फॉन्ट पोटात घेऊन फिरते. पण तिच्यातून मजकूर कॉपी केला की पुन्हा तीच जत्रा. अशा वेळी, किंवा फाइल हरवून नुसते छापील पान उरले असेल तर, अक्षरे ‘पाहून’ ओळखणारे सॉफ्टवेअर वापरावे. त्याला ओसीआर म्हणतात. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखते. गूगल ड्राइव्हवर पानाचा फोटो ठेवून तो गूगल डॉक्समध्ये उघडला तरी मजकूर मिळतो. फोटो मात्र भरपूर उजेडात, सरळ काढलेला हवा. छापील अक्षरे बरी उतरतात, हाताने लिहिलेल्या मजकुराची फार आशा धरू नये.

घरची चावी परक्याच्या हाती

आता माझी दुसरी चूक, जी सांगताना अजून लाज वाटते. ह्याच धामधुमीत आमच्या बचतगटाची जुनी यादीही बदलायची होती. इंटरनेटवर ‘मोफत, एका क्लिकमध्ये’ अशी एक जागा दिसली आणि मी यादी तिथे चढवून मोकळी झाले. बाराजणींची नावे, खात्यांचे क्रमांक आणि आधार क्रमांक! हे घरी आल्यावर एवढेच म्हणाले, “अगं, पण तू ते दिलंस कुणाला?”

मला उत्तर देता आले नाही. फाइल बदलून मिळाली होती, पण तिची एक प्रत कुठल्या तरी परक्या कॉम्प्युटरवर राहिली असेल, त्याचा पत्ता मला ठाऊक नव्हता. पुढच्या बैठकीत मी सगळ्याजणींना खरे ते सांगितले. कुणी रागावल्या नाहीत, पण एकीने विचारले, “पैसे तर न्हाई ना जायचे?” तो प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही. बँकेत जाऊन आम्ही सगळ्यांनी खाती तपासली. सुदैवाने काही झाले नव्हते.

ही भीती खेड्यातल्या बाईची नव्हे बरं का. अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये असाच इशारा दिला होता, की फायली मोफत बदलून देणाऱ्या काही जागा फाइलीबरोबर कॉम्प्युटरमध्ये घातक सॉफ्टवेअर सोडतात आणि चढवलेल्या फायलींतली खाजगी माहितीही चोरतात. तेव्हा नियम सोपा ठेवा: ओव्या, पाककृती, प्रश्नपत्रिका इंटरनेटवर बदला, पैसा, आधार, जमीन आणि आजार ह्यांचे कागद घरच्याच कॉम्प्युटरवर बदला. आमच्या भागात औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी गेल्या, तेव्हापासून घरोघरी मोबदल्याच्या कागदांची फोल्डरे आहेत. त्या घरांनी तर हे चौकटीत लिहून ठेवावे.

शेवटचे तपासनीस

एवढे सगळे झाल्यावर ओव्या नीट करायला आम्हाला नऊ संध्याकाळी लागल्या. मी वाचायची, सासूबाई ऐकायच्या. चूक आली की हात वर. गंमत म्हणजे, ज्या ओव्या त्यांना आठवत नव्हत्या, त्यांतली चूकही त्यांच्या कानाला बरोबर खटकायची. सॉफ्टवेअरने बिघडवलेला शब्द तर त्यांनी पकडलाच, पण २००३ साली डीटीपीवाल्याने चुकवलेले आणि सासऱ्यांच्या नजरेतून सुटलेले सात-आठ शब्दही त्यांनी दुरुस्त केले. दोन ओव्या तेवढ्या राहिल्या. त्यांतला शब्द ना फाइलीत धड उरला होता, ना त्यांना आठवला. तिथे मी रिकामी जागाच ठेवली आहे. आपल्या मनाने भरणे बरे दिसले नाही.

त्या वेळी मला पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांची आठवण झाली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या बायांकडून ऐकून, लिहून घेतल्या. नुसत्या वह्यांत न ठेवता त्या कॉम्प्युटरमध्ये वर्गवार लावल्या गेल्या, म्हणून २०१७ पासून त्या ‘पारी’ ह्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता-ऐकता येतात. ज्या बायांना अक्षर ओळखीचे नव्हते, त्यांचे शब्द आज अक्षरांत टिकून आहेत. आमच्या घरच्या अडतीस पानांची त्यापुढे काय मातब्बरी! पण आमच्यासाठी तीच पोथी.

डोहाळजेवणाला भाचीने मोबाइलवरूनच ओव्या वाचल्या. सासूबाई शेजारी बसून पहिली ओळ म्हणायच्या, दुसरी ती वाचायची. नंतर मला स्वयंपाकघरात गाठून त्या म्हणाल्या, “मला वाटलं, वही वाळवीनं खाल्ली तशी शीडी मशीनीनं खाल्ली. तू म्हणली सापडल्या, पण तुझं तोंडच सांगत होतं.”

म्हणजे माझे खोटे त्यांना पहिल्याच दिवशी कळले होते!

कापून ठेवावे असे

१. काही दिसत नाही म्हणून जुनी फाइल पुसू नका. सीडीवरून आधी दोन प्रती काढा आणि मूळ प्रतीला हात लावू नका. सीडीही कायमची टिकत नाही.

२. रोग डब्याचा की अक्षरांचा, ते आधी ठरवा.

३. फॉन्टचे नाव आकड्यासकट लिहून घ्या, आणि त्याच फॉन्टाचे सॉफ्टवेअर निवडा.

४. एका अवघड पानावर परीक्षा घ्या. मग व्हॉट्सॲपची खूण तपासा.

५. पैसा, आधार, जमीन, आजार ह्यांचे कागद इंटरनेटवर चढवू नका.

६. बदललेला मजकूर दोन प्रकारांत ठेवा: दुरुस्तीसाठी वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये आणि वाचायला-छापायला पीडीएफमध्ये. एक छापील प्रतही काढाच.

७. घरातल्या जाणत्या माणसाला वाचून दाखवा, आणि हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नका. फाइल आणखी दहा वर्षे थांबेल. चूक ओळखणारे माणूस थांबेलच असे नाही.